कापडावरचं देऊळ

आदिलाबादला जाते म्हटल्यावर नागपुरात ज्याने त्याने मला एकच विचारलं, "तिथे आहे काय?" धबधबा आहे, सागाचं जंगल आहे, असं मी दोघा-चौघांना सांगून पाहिलं. कोणाला पटलं नाही. माझ्या वयाची बाई गुडघ्याला पट्टा बांधून धबधबा पाहायला जात नाही, एवढं लोकांना कळतं. खरं कारण सांगितलं असतं तर सगळे हसले असते. मी एका पाडलेल्या देवळाचे नकाशे शोधायला चालले होते.

माझी सारी नोकरी आर्किटेक्चर कॉलेजात गेली. जुन्या इमारतींची मापं कशी घ्यायची आणि ती कागदावर कशी उतरवायची, हे पोरांना शिकवायचं. निम्मी पोरं झोपायची, निम्मी माझ्या ओरडण्याने जागी असायची. सुदाम हा माझा मावसभाऊ, माझ्याहून बराच धाकटा. तेलंगणातल्या जैनथ मंडलात पैनगंगेच्या अंगाला त्याची कापसाची शेती आहे आणि गावच्या देऊळ कमिटीचा तो अध्यक्ष आहे. दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला.

"ताई, तुमी नकाशेवाल्या ना?"

"होते. आता रिटायर झाले."

"मंग आमचं देऊळ उभं करून द्या न. दगडं सारे हायेत, एक बी गेला नाई. फक्त कोनता कुठं बसते, थेच समजून नाई राह्यलं."

मी आधी हसले. मग त्याने सगळं सांगितलं, आणि मी फोन हातात घेऊन खाली बसले.

देऊळ महादेवाचं. काळ्या दगडाचं, चुना-माती न वापरता दगडावर दगड बसवलेलं. जैनथचं देऊळ नावाजलेलं, आजूबाजूचे लोक तिथे दर्शनाला जातात. सुदामच्या गावचं हे त्याच जातीचं, पण लहान. काळ्या मातीत त्याची एक बाजू खचत चालली होती. सुदामनेच गावाला पटवलं की दगड उतरवू, पाया पक्का भरू आणि देऊळ होतं तसं परत रचू. नांदेडकडचा एक गवंडी आला. त्याने प्रत्येक दगडावर गेरूने अंक टाकले, दगड उतरवले आणि सुदामच्या पडीक वावरात ओळीने मांडले. कागदावर तेवढं त्याने काही उतरवलं नव्हतं; बाकी इथपर्यंत मी शिकवायचे तसंच सगळं झालं होतं.

मग दसरा आला. त्या गावात दसऱ्याला देवाचं घर धुऊन त्याला चुना मारायची रीत आहे. यंदा देवाचं घर वावरात आडवं पडलं होतं. "पडलं म्हनून का त्याचा दसरा चुकवाचा?" असं कोणीतरी म्हणालं आणि ते साऱ्या गावाला पटलं. टँकर लावला, नारळाच्या शेंड्यांनी एकेक दगड घासला, सगळ्या अंगांनी धुतला, वर चुन्याचे दोन हात दिले आणि वाळला की जागा मिळेल तिथे परत मांडला. बायका-माणसं, लहान-थोर, झाडून सारे राबले. दसऱ्यानंतर गवंडी परत आला तर वावरात पांढरे शुभ्र दगड, आणि अंक एकाही दगडावर नाही. त्याने हात जोडले आणि निघून गेला.

मी फोनवरच कपाळाला हात लावला. पण मला एक गोष्ट माहीत होती. नोकरीत असताना एकदा मी आदिलाबादच्या एका कचेरीत नकाशांची गाठोडी पाहिली होती. निजामाच्या वेळी कोणी सर्व्हेवाले तालुक्या-तालुक्यांतून फिरले होते आणि देवळं, गढ्या, बारवा, एकूण एक मोजून त्यांनी काढल्या होत्या. ट्रेसिंगच्या कापडावर, काळ्या शाईने. बारीक सुती कापडाला खळ चढवून घोटायचे. ते काचेसारखं चकाकायचं आणि कागदासारखं वाजायचं. जैनथकडची देवळं त्यात होती आणि दगडन् दगड वेगळा दाखवलेला होता. असं काम मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. तेव्हा साहेब घाईत होते म्हणून एक तासही बसायला मिळालं नव्हतं.

"नकाशे आहेत, सुदाम. मी येते," मी म्हटलं.

जैनथच्या रस्त्याने

पैनगंगा ओलांडली की पाट्या तेलुगू होतात आणि माणसं मात्र तीच राहतात. जैनथकडे जाणाऱ्या ऑटोत मला कापसाच्या दोन गाठोड्यांवर बसवलं. ऑटोवाल्याला मी हिंदीत "संभालके चलाव" म्हटलं, तर तो मागे न पाहता म्हणाला, "मराठीत बोला न आजी, काऊन तरास घेता?" उतरले तेव्हा केसांपासून चपलेपर्यंत कापूस चिकटलेला. सुदामची बायको सुनंदा दारातच हसत सुटली. तिने आधी पदराने माझं अंग झटकलं आणि मग पायावर पाणी घातलं.

जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि वर लसणाची फोडणी. अंबाडीला आपण गरिबाची भाजी म्हणतो. इकडे तिला गोंगुरा म्हणतात आणि लग्नात वाढतात. सुदामचा मुलगा तेलुगू शाळेत शिकतो, आईशी वऱ्हाडीत भांडतो. देवळाच्या कमिटीची पाटी तेलुगूत आणि आरती मराठीत. मला याची मौज वाटत होती, पण सुदाम काही जेवेना. भाकरीचा एकच तुकडा बोटांत फिरवत बसला.

"गाव काय म्हणतं?" मी विचारलं.

"मले आता 'देऊळपाड्या' म्हनतेत," तो म्हणाला. "चुना मारला साऱ्याईनं, पन देऊळ म्या पाडलं ना. अन् खोटं नाई थे."

कमिटीने ठराव केला होता: तुळशीची लग्नं आटोपली की पहिल्या मुहूर्ताला पाया भरायचा. तोवर नकाशा मिळाला तर दगडाचं देऊळ, नाही तर स्लॅबचं. ठेकेदार ठरलेला होता. स्लॅबच्या देवळाचं रंगीत चित्र पंचायतीच्या भिंतीवर लागलेलंही होतं, गुलाबी शिखर आणि वर पिवळा कळस.

सकाळी वावरात गेले. कापसाची पऱ्हाटी फुटली होती आणि तिच्या पलीकडे पांढरे दगड ओळीने पडले होते. मी एकावर नख घासून पाहिलं. चुन्याखाली काळा दगड होता, गेरूचा मागमूस नव्हता. सुदाम दगडांपाशीच खाट टाकून झोपतो, कोणी उचलून नेऊ नये म्हणून. त्या खाटेवरची गोधडी पाहून मला त्याची फार दया आली.

"अरे, फोटो तर असतील ना गावात?" मी म्हटलं. "आता तर गुराख्याकडेही मोबाईल आहे."

फोटो ढीगभर निघाले. प्रत्येकात देवळापुढे कोणीतरी उभं. नवरदेव, नवरदेवाचे भाऊ, जावळाचं पोर, निवडून आलेला सरपंच, हार, मांडव, झालर. देऊळ पाहायचं म्हणून कोणी फोटो काढलाच नव्हता. मागची बाजू एकाही फोटोत नाही. तिकडे लोक चपला काढत. आतलं छत कोणी पाहिलंसुद्धा नव्हतं, कारण आत जाताना सगळे मान खाली घालतात.

आदिलाबाद

पूर्वी नकाशे पाहिले होते त्याच कचेरीत गेले, तिचं नाव घेत नाही. साहेब तरुण आणि सभ्य होते. "कूर्चोंडी मॅडम," म्हणून त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकाला बोलावलं, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने कपाटाची किल्ली शोधली. कपाटात फिनेलच्या बाटल्या होत्या. तेलुगूतले दोन शब्द मी त्या दिवशी पक्के शिकले: 'लेदु' म्हणजे नाही आणि 'रेपु' म्हणजे उद्या.

"उद्या चालणार नाही हो," मी हिंदीत म्हटलं, "तिकडे मुहूर्त ठरलाय."

माझा आवाज चढला असणार, कारण व्हरांड्यातला एक म्हातारा मुन्शी आत आला. टोपी काढून म्हणाला, "पुराना दफ्तर तो पूरा उटनूर कू गया, अम्मा. ये बिल्डिंग खाली किए ना, तब. एक कागज बी नै छोडे." त्याने ते इतक्या खात्रीने सांगितलं की मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

दुपारी एका हॉटेलात पोळी मागितली तर पराठा आला. तो परत केला तर ताटभर भात आला. वरणासारखं पप्पू, तिखटजाळ लोणचं आणि शेवटी ताक. शेजारच्या टेबलावर एक बाई पोराला बोटांनी भात कालवून भरवत होती, इतक्या निगुतीने की मीही चमचा खाली ठेवला. पोटभर जेवले. उटनूरला जाऊन नकाशे हातात येणार, असं त्या क्षणी मला अगदी पक्कं वाटत होतं, आणि मी सुदामला फोन करून तसं सांगितलंही. सांगायला नको होतं.

उटनूर

उटनूरच्या वाटेवर साग लागतो. पानं वाळायला लागली होती आणि जिथे तिथे रस्त्याच्या कडेला गोंड बायका सीताफळं घेऊन बसल्या होत्या. गाडी थांबली तेव्हा मी दोन घेतली आणि बियांसकट सगळा राग गिळत खाल्ली. राग कसला, तर इतकी वर्षं आपल्यातलं कोणीच हे नकाशे पाहायला का आलं नाही, याचा.

जुनं दफ्तर एका बंद क्वार्टरात ठेवलं होतं. तिथले दफ्तरी म्हणून शंकरराव नावाचे गृहस्थ कधीच निवृत्त झालेले, पण किल्ली त्यांच्याकडेच राहिली होती. घरचं किराणा दुकान, बोली सुदामसारखीच. माझं नागपूर ऐकून त्यांना कोण आनंद! "माह्या मावशीचं घर हाये न वर्ध्याले," म्हणाले आणि कुलूप उघडलं.

दफ्तर असं ठेवलेलं मी कुठेच पाहिलं नाही. फडताळं पुसलेली, गठ्ठे लाल फडक्यात बांधलेले, प्रत्येक गठ्ठ्यात कडुनिंबाचा पाला. सायकल भत्त्याची बिलं होती. कंदिलाच्या तेलाच्या मागण्या होत्या. कोण्या शिपायाने रजेवरून उशिरा आल्याबद्दल मागितलेल्या माफ्या होत्या. एक कपटा उडाला नव्हता, एक कोपरा वाळवीने खाल्ला नव्हता. माझा जीव सुपाएवढा झाला. एवढं जपणारा माणूस नकाशे का सोडेल?

शेवटचं लोखंडी कपाट उघडलं. ते रिकामं होतं, तळाशी नुसता पाला आणि डांबराच्या गोळ्या.

"नकाशे?" मी विचारलं.

"थे कापडावरचे का? मंग तसं सांगा न!" शंकररावांचा चेहरा उजळला. "थे कागदात नाई धरले. हुकूम असा होता की कागद एक बी फाडाचा नाई. पन पडदे, खोळी, तंबूचं कापड, जे जे कापडात येते थे निकाली काढा. साहेबांनी विचारलं, हे काय हाये? म्या म्हनलं, साहेब, कापड हाये. मंग वाटून टाकलं."

"कोणाला?"

"गल्लीत. आमच्या घरी बी हाये न. लय जपून ठेवलं आमच्या मंडळीनं. चला, जेवन करू अन् दाखवतो."

मी त्यांच्या मागून जवळजवळ धावत गेले. गुडघ्याचं भान नव्हतं. मनात हिशेब सुरू होता: गल्लीत असेल तर घरोघर जाऊन मागता येईल, मोबाईलवर फोटो काढता येतील, रात्रीतून सुदामला पाठवता येतील. एवढंच हवं होतं. मूळ नकाशे त्यांचे त्यांना राहू देत.

शंकररावांची बायको कमलबाई ओट्यावर चक्का गाळत होती. खुंटीला पुरचुंडी टांगलेली आणि खालच्या गंजात पाणी टपकत होतं. घरात लेक बाळंतपणाला आलेली, पाळणा मंद हलत होता. कमलबाईंनी मला हळदीकुंकू लावलं, पाट दिला आणि श्रीखंड व्हायला वेळ आहे म्हणून आधी चहा टाकला.

"ताईले थे कापड पाहाचं हाये," शंकरराव म्हणाले. "कचेरीतलं."

कमलबाईंनी ट्रंक ओढली. आतून पांढऱ्या घड्या काढल्या आणि माझ्या मांडीवर ठेवल्या. मऊसूत, धुतलेल्या, वर कापूर ठेवलेला.

"हे नाही हो," मी म्हटलं. "नकाशे. रेघा ओढलेले."

"हेच थे. हात लावून पाहा न, मलमल बरी का हे बरं! आधी निरा पत्र्यासारखं होतं, कडक. सोडा टाकून उकळलं. खळ अशी निघाली, जशी भाताची पेज. त्या खळीसंगं शाई बी सुटली. थोडी धरून राह्यली होती, थे घासून घासून काढलं. हाताची सालं निघाली, पन एक बी डाग ठेवला नाई, ताई."

मी एक घडी उलगडली, दुसरी उलगडली, तिसरी उलगडली. खिडकीशी जाऊन उजेडात धरली. कापड विणणाऱ्याने घातलेला धागान् धागा दिसत होता. आणखी काही नव्हतं.

"अहो, काय केलंत हे!" मी ओरडले. चांगली मोठ्याने ओरडले. पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं आणि कमलबाईंच्या हातातला कप हिंदकळला. "तालुक्यातली सगळी देवळं होती त्यात. सगळी! दुसरीकडे कुठेही नाहीत!"

"आमी चोरलं नाई, ताई," शंकरराव हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "साहेबांनी सही करून देल्लं."

मला रडू फुटलं. लोकांच्या घरात, पाटावर बसून, पदर तोंडाला लावून मी रडले. ज्यांच्यावर चिडावं ती दोघं माझ्याकडे अशी पाहत होती, जणू आपल्या हातून पाहुणीला काहीतरी लागलं, आणि काय लागलं तेच कळत नाही.

कमलबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "माय वो, असं नका रडू. वाया नाई गेलं काईच. आमच्याकडे लेकराच्या अंगाले पयलं जुनंच कापड लावा लागते, माहीत हाये ना? नवं कापड बारशाले. त्या साली गल्लीत जेवढी लेकरं झाली, त्या साऱ्याईच्या अंगावर हेच. कोनालेच पुरळ नाई उठलं."

ही रीत मलाही माहीत होती. माझ्या लेकीला माझ्या सासूच्या धुवट लुगड्याचं झबलं घातलं होतं.

कमलबाईंच्या लेकीने बाळाला उचलून माझ्याकडे आणलं, आजी रुसली असेल तर बाळ पाहून हसेल, असं वाटलं असणार. त्याच्या अंगावर त्याच कापडाचं झबलं होतं. पाठीच्या बाजूला, काखेखाली, मला काहीतरी दिसलं. मी चष्मा लावला. रेघ होती! फिकट, राखाडी, पण पट्टीने ओढलेली. भिंतीच्या कोपऱ्याचे टप्पे, एकातून एक निघालेले, जसे या भागातल्या देवळांना असतात तसे. माझं बोट त्या रेघेवरून सरकत गेलं. एक टप्पा, दुसरा, तिसरा, आणि पुढे शिवण आली. शिवणीच्या पलीकडचा तुकडा दुसऱ्याच कुठल्या तरी चादरीचा होता.

"हे कुठल्या देवळाचं?" मी उगाच विचारलं. मला तरी कुठे ओळखू येणार होतं? बाळाने माझ्या चष्म्याची काडी धरली आणि ओढली. त्याच्या आईला हसू आलं आणि ते दाबायचा प्रयत्न करत ती आत गेली.

शंकररावांनी दुपारभर मला गल्लीत फिरवलं. कोणाकडे गोधडीला अस्तर, कोणाकडे पापडावर टाकायचं फडकं, कोणाकडे पोथीचं वेष्टण. सगळीकडे पांढरं आणि सगळीकडे स्वच्छ. एका घरी तर बाईने मला बघून ते धुवायला घेतलं, पाहुणीला मळकं कसं दाखवायचं म्हणून. निघताना कमलबाईंनी ओटी भरली. गहू, नारळ आणि खणाच्या जागी त्याच कापडाची एक घडी. नको म्हणता येईना. ओटी नाकारत नाहीत. ती पदरात घेऊन मी बसमध्ये चढले आणि आदिलाबाद येईपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं नाही. जंगल कसं होतं, मला सांगता येणार नाही.

परत सुदामच्या गावी

सुदाम रस्त्यावरच उभा होता. "भेटला का नकाशा?" म्हणून त्याने माझ्या पिशवीकडे हात केला. मी ओटीतली घडी काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती उलगडली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"हे काय हाये?"

"हाच."

मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "म्हंजे त्याईनं बी धुतलं." मग बांधावर बसला. त्याने मला शिव्या द्याव्यात, अशी मला फार इच्छा झाली, पण त्याने कापडाची नीट घडी घातली आणि परत माझ्या पिशवीत ठेवली.

तरी आम्ही प्रयत्न केला. मुहूर्ताला दिवस होते तोवर रोज सकाळी वावरात जाऊन मी दगड मोजत होते, सुदाम आणि चार माणसं ते हलवत होती. चौकटीचे दगड कळले. पायऱ्या कळल्या. पुढे सगळंच अडलं. काळ्या भिंतीचे दगड एकमेकांची जुळी भावंडं वाटावीत असे, आणि बोटभर चुकलं तर वरचा थर बसत नाही. गावातल्या जुन्या माणसांना बोलावलं. एक म्हणाला गणपती डाव्या अंगाला होता, दुसरा म्हणाला उजव्या. पहिल्याने दुसऱ्याला "बह्याडा, तू कधी देवळात आला होता?" विचारलं आणि काठ्या उगारल्या गेल्या. जन्मभर रोज दर्शन घेतलेली माणसं ती. शेवटी दोघेही माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमीच सांगा मॅडम, तुमी शिकलेल्या."

मी काय सांगणार? मी ते देऊळ उभं असताना एकदाही पाहिलं नव्हतं. इतक्या वेळा सुदाम जेवायला बोलवायचा, मी म्हणायचे पुढच्या उन्हाळ्यात.

मुहूर्ताच्या सकाळी खड्डा खणून तयार होता. ठेकेदाराने पाया भरायला काळा दगड हवा म्हणून सांगितलं होतं, आणि त्यावर कमिटीत फार चर्चा झाली नाही. देवाचे दगड विकणं पाप, वावरात पडू देणं पाप, कोणाच्या घराला लावणं तर महापाप. देवाच्याच पायात गेले तर बरं. हे कोणाला नाकारता येईल? मलाही आलं नाही. ट्रॅक्टरने दगड वाहून आणले आणि खड्ड्याच्या कडेला ओतले. ओतताना काहींचे कोपरे उडाले.

भटजींनी पूजा सांगितली, नारळ फुटला. पहिला दगड कोणी ठेवायचा यावर सरपंच आणि कमिटी एकमेकांकडे पाहत होते, तेवढ्यात सुदाम पुढे झाला. त्याने नवा सदरा घातला होता आणि डोळे सुजले होते.

"मान ताईचा," तो मोठ्याने म्हणाला. "त्याईनं आपल्यासाठी लय पाय तोडले. नागपूर, आदिलाबाद, उटनूर. आपल्या गावची लेकच समजा."

सगळ्यांना ते आवडलं. बायकांनी मला पुढे ढकललं, कपाळाला कुंकू लावलं. नाही म्हणायची सोय नव्हती. दोन माणसांनी एक दगड उचलून खड्ड्याच्या काठाशी आणला आणि मला म्हणाले, नुसता हात लावा. चुना ट्रॅक्टरमध्ये खरवडला होता. त्याखाली अर्धं कमळ दिसत होतं, छतातलं असावं, पाकळ्यांच्या कडा अजून धारदार. कोणीतरी मान वर करून पाहावं म्हणून ते कोरलं होतं.

मी हात लावला. दगड गार होता. दगड खाली उतरायला लागला तसा भटजींनी हात वर केला.

"थांबा, थांबा. कोरीव अंग वर नका ठेवू. उद्या त्याच्यावरून लोकं चालतीन, देवाले पाय लागन."

माणसं थांबली. दगड तोलून धरणं त्यांना जड जात होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते, मान माझा होता म्हणून.

मी दोन्ही हातांनी दगड धरला, त्या दोघांच्या मदतीने उलटा केला, आणि कमळ मातीकडे करून खाली ठेवला. वर सगळ्यांनी 'हर हर महादेव' म्हटलं.